गावातल्या जुन्या वास्तू, सरकारी यादी आणि आपली शाळा



१८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. हे दिवस आले की आपल्या ग्रुपवर पीडीएफ फिरायला लागतात. परिपाठात माहिती वाचली जाते, फळ्यावर ताजमहाल नाहीतर रायगड काढला जातो, फोटो अपलोड होतात आणि दिवस संपतो. यात वाईट काही नाही. पण आपली मुलं ज्या देवळासमोरून रोज शाळेत येतात, ज्या घाटावर पोहायला शिकतात, ज्या पडक्या वाड्याच्या अंगणात लपाछपी खेळतात, त्यांचं नाव त्या दिवशी कुणी घेत नाही. मग मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की वारसा म्हणजे सहलीला जाऊन बघायची गोष्ट, आपल्या गावात कुठला आलाय वारसा!

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. संरक्षित स्मारकांची सरकारी यादी हवीच, कायदाही हवाच. पण खेड्यापाड्यातल्या जुन्या वास्तूंपैकी फार थोड्या त्या यादीत येतात. बाकीच्या टिकतील की नाही हे ठरवणारी माणसं म्हणजे त्यांच्या आजूबाजूला राहणारे लोक. त्यांना त्या वास्तूची किंमत कळली तरच ती राहील. आणि ही किंमत कळायला सुरुवात प्राथमिक शाळेतून व्हायला पाहिजे. प्रत्येक शाळेने आपल्या गावातल्या जुन्या वास्तूंची यादी स्वतः तयार करावी, असं मला वाटतं. का वाटतं, ते वाई परिसराची उदाहरणं घेऊन सांगतो.

'संरक्षित स्मारक' म्हणजे नेमकं काय?

एखाद्या लेण्यापाशी किंवा किल्ल्याच्या दरवाजाशी सरकारी फलक असतो. 'हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे आहे' अशा अर्थाचा मजकूर आणि खाली शिक्षेचा इशारा. सहलीला गेल्यावर मुलं तो मोठ्याने वाचतात, पण त्यामागे काय आहे हे आपण फारसं सांगत नाही.

थोडक्यात असं आहे. केंद्राचा कायदा १९५८ चा. त्याच्या यादीतल्या स्मारकांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे खातं करतं. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा. त्याखालची स्मारकं राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात. केंद्राच्या कायद्यात प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान १०० वर्षं जुनी असावी लागते. २०१० साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधकाम, असा नियम पक्का झाला. स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता आकडे बघा. केंद्राच्या यादीत देशभरात सुमारे ३,७०० स्मारकं आहेत. त्यातली महाराष्ट्रात २८५ च्या आसपास. राज्याच्या यादीत साडेतीनशेहून जास्त. म्हणजे दोन्ही याद्या एकत्र केल्या तरी महाराष्ट्रात हजारही भरत नाहीत. आणि आपल्या राज्यात गावं आहेत चाळीस हजारांहून जास्त! वरच्या वर्गात हे सरळ गणित म्हणून फळ्यावर मांडा. किती गावांमागे एक संरक्षित स्मारक, हे मुलांनाच काढू द्या. उत्तर आलं की वर्ग आपोआप विचारतो, "मग आपल्या गावातलं देऊळ कुणाकडं?"

तुलनेसाठी इंग्लंडचं सांगता येईल. तिथे नोंद झालेल्या ऐतिहासिक इमारती पावणेचार लाखांच्या वर आहेत आणि त्यात लोकांची राहती घरंसुद्धा आहेत. घर मालकाचंच राहतं, फक्त त्यात बदल करायचा तर आधी परवानगी लागते. आपल्याकडे अशी पद्धत मोठ्या शहरांपुरती पोचली आहे. मुंबईने १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियमावली आणली. तालुक्याच्या गावात आणि खेड्यात मात्र अजून बहुतेक वास्तूंची साधी नोंदही नाही.

मागच्या वर्षांतली एक चांगली बातमीही मुलांना जरूर सांगा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आहे. यातले आठ किल्ले केंद्राच्या संरक्षणाखाली आणि प्रतापगडासह चार राज्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्याआधी २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर आपलं कास पठारही जागतिक यादीत गेलं. जिल्ह्याला अभिमान वाटावा अशाच या गोष्टी आहेत. पण प्रतापगडाच्या गोष्टीत ज्या वाईला अफझलखानाने १६५९ मध्ये तळ ठोकला, त्या वाईच्या गल्ल्यांत आज काय उरलंय आणि काय चाललंय, हेही आपल्याच मुलांनी बघायला हवं.

वाईच्या परिसरात बघण्यासारखं काय काय आहे?

वाई म्हटलं की ढोल्या गणपती. कृष्णेच्या घाटावरचं हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ च्या सुमारास बांधलं. आपण मूर्तीचा आकार बघतो, नमस्कार करतो आणि पुढे जातो. मुलांना देवळाच्या मागे न्या. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकारासारखी निमुळती आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. अडीचशेहून जास्त पावसाळे त्या भिंतीने अंगावर घेतलेत. नावेचा पुढचा भाग टोकदार का असतो, पुलाच्या खांबांना पाण्याच्या बाजूला टोक का काढतात, हे विज्ञानात शिकवायला यापेक्षा चांगलं साधन कुठलं? शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आणि त्याच्यासमोरचा काळ्या दगडाचा नंदी आहे. तेही रास्त्यांनीच बांधलेलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच रास्ते घराण्यातल्या, हे सांगितलं की मुलांच्या मनात पुण्याचा आणि वाईचा धागा जुळतो.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. 'स्वदेस' सिनेमामुळे हा घाट देशभर माहीत झाला. पण मुलांना दाखवायची खरी गोष्ट आहे ती देवळाजवळची मोठी घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. शंकराच्या देवळापाशी मेरीची घंटा कशी? चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्यानंतर तिकडच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत पोचल्या. भीमाशंकरलाही अशी एक घंटा आहे. एका घंटेत पोर्तुगीज, मराठे, वसईची लढाई, धातूचं ओतकाम, सगळं येतं. मेणवलीच्या वाड्यातले मोडी लिपीतले कागद 'मेणवली दप्तर' म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहेत. म्हणजे तो वाडा राहण्याचं घर तर होताच, पण कागदपत्रांचं भांडारही होता.

धोमला गेलात तर नुसतं धरण बघून परत येऊ नका. गावातल्या देवळात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे आणि त्याच्याभोवती कमळाच्या आकाराचं कुंड आहे. लोहाऱ्याजवळ डोंगरात पालपेश्वरची लेणी आहेत. मुळात बौद्ध लेणी, पुढे तिथे शंकराची पूजा सुरू झाली. एकाच जागेवर वेगवेगळ्या काळातल्या लोकांनी श्रद्धेने यावं, हे मुलांना सहज कळतं, फक्त आपण दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. त्यातली एकच सांगितली तर तो अर्धाच इतिहास झाला.

आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते वाई तालुक्यातलं किकली. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळांची रांग आहे. लढाईत मेलेल्या वीराची आठवण म्हणून उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. त्यावर खालून वर अशी चित्रं असतात. खालच्या पट्टीत लढाई, कधी गाई पळवणाऱ्यांशी झुंज. मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर घेऊन चालल्यात. त्याच्यावर वीर शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याचं नाव राहील. अक्षरं न येणाऱ्या माणसालाही वाचता येईल अशी ही चित्रकथाच आहे. पहिलीच्या मुलालाही ती वाचता येते, फक्त वाचायचं खालून वर, हे एकदा सांगावं लागतं.

वीरगळ दाखवून झाल्यावर आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सर, असला दगड आमच्या गोठ्याच्या पायरीला हाय. चित्रं खाली गेल्यात." आम्ही त्याच्या घरी गेलो. आधी जागेचा फोटो काढला, दगड कुठे आहे ते वहीत लिहिलं. त्याच्या आजोबांना मुलांनीच सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. महिन्याभरात त्यांनी तो दगड काढून, नुसत्या पाण्याने धुऊन देवळाच्या भिंतीला उभा केला. कुणी त्यांना कायदा सांगितला नव्हता, नोटीस दिली नव्हती. त्या दगडावर माणूस आहे हे त्यांना कळलं, एवढंच.

वास्तू जाते कशी?

लोकांना वाटतं चोर येतात, मूर्ती पळवतात, खजिन्यासाठी खणतात. तेही होतं. पण मी जे बघतो त्यावरून सांगतो, आपल्याकडच्या बहुतेक वास्तू दोन साध्या कारणांनी जातात.

पहिलं कारण, वापर थांबतो. वाडा चार भावांत वाटला जातो, पुढच्या पिढीत तो सोळा जणांचा होतो. कुणी पुण्याला, कुणी मुंबईला. उताऱ्यावर नावं सगळ्यांची आणि पावसाळ्याआधी कौलं चाळायला कुणीच नाही. एक कौल सरकतं, पाणी तुळईवर पडतं, वाळवी लागते, माळवद खचतं. पांढऱ्या मातीची भिंत एकदा वरून भिजायला लागली की फार वर्षं टिकत नाही. दहा पावसाळ्यांत वाड्याचा मातीचा ढीग होतो. मग सागवानी खांब, कोरीव तुळया, दाराच्या चौकटी विकल्या जातात आणि त्या कुठल्या तरी हॉटेलात शोभेला लागतात.

याउलट वाईचे घाट बघा. ते टिकले कारण ते रोजच्या वापरात आहेत. पूजा, धुणं, पोहणं, दशक्रिया, आणि वर्षातून एकदा कृष्णाबाईचा उत्सव. वेगवेगळ्या घाटांवरची मंडळी आपापल्या दिवसांत उत्सव करतात. उत्सव आला की घाट झाडला जातो, पायऱ्या धुतल्या जातात, कुठे दगड निखळलाय ते दिसतं. हा उत्सव म्हणजे घाटाची वार्षिक तपासणीच म्हणा ना.

दुसरं कारण जास्त अवघड आहे, कारण ते प्रेमातून येतं. गावाने वर्गणी काढली, देवळाचा जीर्णोद्धार ठरला. काळ्या दगडाच्या खांबांना चकचकीत ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमसारख्या टाइल्स, शिखराला सिमेंटचा गिलावा, दीपमाळेला कठडा, घाटावर पेव्हर ब्लॉक. भक्ती शंभर टक्के खरी, पैसाही घामाचा. पण दहा वर्षांनी रंगाचे पोपडे सुटतात, खांबावरची कोरीव नक्षी बुजलेली असते आणि गिलाव्याच्या आत ओल साठलेली असते.

यामागचं शास्त्र सोपं आहे आणि आपण ते वर्गात शिकवू शकतो. जुनी बांधकामं चुन्याची आहेत. चुना हळूहळू घट्ट होतो, थोडी हालचाल सहन करतो आणि भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट पटकन कडक होतं आणि ओल आतच कोंडतं. कोंडलेलं पाणी मग विटेतून, मातीतून, लाकडातून वाट काढतं आणि त्याबरोबर क्षार बाहेर येऊन पृष्ठभाग फोडतात. म्हणून चुन्याच्या भिंतीला सिमेंट मारणं म्हणजे घाम आलेल्या माणसाला प्लास्टिकचा रेनकोट घालून बसवणं. मातीच्या दोन कुंड्या घ्या, एक तशीच ठेवा, दुसरीला बाहेरून ऑइलपेंट द्या, दोन्हींत सारखं पाणी घाला. कोणती आधी सुकते ते मुलांनाच बघू द्या.

आणखी एक बारीकसं कारण म्हणजे दगडाच्या सांध्यात उगवणारं पिंपळाचं किंवा उंबराचं रोप. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं. बोटभर असताना ते मुळासकट निघतं. दुर्लक्ष केलं तर मुळं पाचरीसारखी शिरतात आणि चौथरा फाटतो. हे बघायला इंजिनिअर लागत नाही, पावसाळ्यानंतर एक फेरी मारली तरी पुरतं.

मालकाची बाजूही ऐका

इथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. वारशाबद्दल लिहिणारे बरेच जण शहरातून येतात, वाड्याचे फोटो काढतात, "अरेरे, लोकांना किंमत नाही" म्हणतात आणि निघून जातात. ज्याला त्या वाड्यात राहायचंय त्याचं कुणी ऐकत नाही. स्वयंपाकघरात अंधार, वर उंदीर, पावसाळ्यात सात ठिकाणी बादल्या, आणि सागवानी तुळई बदलायचा खर्च ऐकला तर नवीन दोन खोल्या होतील. त्या माणसाने वाडा पाडून आरसीसी घर बांधलं तर त्याला गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही.

संरक्षित स्मारकाजवळ राहणाऱ्यांची तक्रारही अशीच असते. १०० मीटरच्या आत घर आहे, मुलाचं लग्न ठरलंय, एक खोली वाढवायची आहे आणि परवानगी मिळत नाही. दुरुस्तीलाही कागद लागतो. नियम कशासाठी आहे हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं. मग स्मारक म्हणजे आपल्या उरावर बसलेलं संकट, असं वाटायला लागतं. "यादीत नाव आलं की संपलं," असं लोक म्हणतात. आपल्या देवळाचं नाव यादीत जाऊ नये म्हणून गप्प बसणारी गावंही आहेत.

मला वाटतं, नियम ढिले करून हे सुटणार नाही. ढोल्या गणपतीच्या अंगाला खेटून चार मजली लॉज उभा राहिला तर घाटाचं काय उरेल? पण नियमाबरोबर मदतही यायला हवी. चुन्याचं काम येणारे गवंडी आज सापडत नाहीत, त्यांना तालुक्याच्या पातळीवर प्रशिक्षण मिळालं पाहिजे. वाडा नीट राखणाऱ्याला घरपट्टीत सवलत देण्याचा विचार नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती करू शकतात. परवानगीचा अर्ज कुठे, कसा करायचा हे मराठीत, एका पानावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं पाहिजे. राज्य सरकारची 'महाराष्ट्र वैभव' ही राज्य संरक्षित स्मारकांची संगोपन योजना २००७ पासून आहे. तीत संस्था किंवा कंपनी स्मारकाच्या देखभालीची जबाबदारी घेऊ शकते. पण ती यादीतल्या स्मारकांसाठी आहे. यादीबाहेरच्या वास्तूंना गावाशिवाय दुसरा वाली नाही.

शाळेने काय करायचं?

म्हणूनच माझा आग्रह आहे की गावाने स्वतःची यादी करावी आणि ती शाळेने सुरू करावी. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्याकडे जिल्ह्याप्रमाणे वेगळं आहे, चौथीत शिवछत्रपती आहेत, सातवीत इतिहासाची भौतिक, लिखित आणि मौखिक साधनं आहेत. म्हणजे हा विषय अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नाहीच. मी सुचवतो ती पद्धत अशी:

१) एका दप्तराविना शनिवारी गावातून चालत फेरी काढा. देऊळ, मशीद, दर्गा, समाधी, बारव, पार, वेस, वाडा, दीपमाळ, वीरगळ, जुनी शाळा, जे जुनं दिसेल ते सगळं टिपा. 'हे महत्त्वाचं, ते नाही' असं आधीच ठरवू नका.

२) एका वास्तूला वहीचं एक पान द्या. लोक तिला काय म्हणतात, ती कुठे आहे, कशाने बांधली आहे, आज कुणाच्या वापरात आहे, दुरुस्ती कुणी केली, आत्ता कशी आहे, एवढं लिहा. संरक्षित स्मारकाचा फलक असेल तर तोही उतरवून घ्या.

३) पानाखाली दोन चौकटी करा: 'लोक सांगतात' आणि 'पुरावा आहे'. हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, ही पहिल्या चौकटीत. शिलालेखावरचं साल, दुसऱ्या चौकटीत. दंतकथेची टिंगल करू नका, तीही मौखिक साधन आहे. पण दोन्हींतला फरक मुलांना कळला पाहिजे. इतिहास शिकवण्याचं निम्मं काम तिथेच होतं.

४) मोजा. पायऱ्या किती, चौथरा किती लांब, भिंत किती जाड. शके दिसलं तर ७८ मिळवून इसवी सन काढायला लावा. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीचं बांधकाम शके १६४१ ते १६४६ मधलं, म्हणजे इसवी सन किती? मुलं पटकन सांगतात, १७१९ ते १७२४. छत्रपती शाहू महाराजांचा काळ!

५) आजी-आजोबांच्या मुलाखती घ्या. 'तुमच्या लहानपणी हे कसं होतं?' हा एकच प्रश्न पुरे. या मुलाखती मराठीच्या तासाला लिहून काढल्या की निबंध आपोआप तयार होतो, गाइडमधून उतरवावा लागत नाही.

६) दरवर्षी त्याच जागेवरून फोटो काढा. पाच वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की भेग वाढली का, रोप उगवलं का, ते लगेच दिसतं.

काही काळज्या घ्याव्या लागतात. पडक्या भिंतीखाली आणि माळवदावर मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. घाटावर शेवाळ असतं, पालक सोबत असल्याशिवाय पाण्याजवळ नको. खासगी वाड्यात मालकाची परवानगी घेऊनच जायचं. शिलालेखाची अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यावर खडू, पीठ किंवा तेल चोळू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती छान दिसतात, नाहीतर बाजूने बॅटरी धरा. एखादा दगड हलवायची वेळ आली तर त्याआधी फोटो आणि जागेची नोंद झालीच पाहिजे.

"हेही आम्हीच करायचं का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे आणि तो रास्त आहे. निवडणूक, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, लिंकवर लिंक. त्यात ही आणखी एक यादी. म्हणून स्पष्ट सांगतो, हा उपक्रम वरून आदेश म्हणून येऊ नये असंच मला वाटतं. एक्सेलचा तक्ता आणि शेवटची तारीख आली की त्यातला जीव जाईल आणि आपण सगळे मागच्या वर्षीचीच माहिती भरून मोकळे होऊ. वर्षाला दोन शनिवार आणि एक शंभर पानी वही, एवढाच याचा खर्च आहे. भाषा, गणित, विज्ञान, परिसर अभ्यास असे चार विषय यात शिकवून होतात, म्हणजे हे जादा काम नाही, आहे तेच शिकवण्याची दुसरी जागा आहे.

दुसरा आक्षेप असा की मुलांच्या वहीला कोण विचारतो? कायद्याच्या दृष्टीने तिला किंमत नाही, हे खरंच. पण जीर्णोद्धाराची बैठक होते तेव्हा समोर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं. त्या बैठकीत शाळेची वही असली, त्यात खांबावरच्या नक्षीचं पोरीने काढलेलं चित्र असलं, 'चुन्याचं बांधकाम, सिमेंट लावू नये' एवढं एक वाक्य असलं, तर निदान चर्चा तरी होते. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र लिहायचं झालं तरी माहिती आणि फोटो तयार असतात. आणि आज पाचवीत असलेली मुलगी वीस वर्षांनी त्याच गावची सरपंच असू शकते.

शेवटी एक काम सुचवतो. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा घ्यायची पद्धत आहे. यातल्या एका ग्रामसभेत मुलांनी ही वही वाचून दाखवावी आणि शाळा व्यवस्थापन समितीने एक साधा ठराव मांडावा: गावातल्या या वास्तूंची ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद घ्यावी, आणि त्यातल्या कुठल्याही वास्तूची दुरुस्ती, रंगकाम किंवा पाडकाम करण्याआधी ग्रामसभेत चर्चा व्हावी. आपल्या संविधानाने कलम ५१ क मध्ये संमिश्र संस्कृतीच्या वारशाचं मोल जाणून तो जपणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात आपण त्याचा उल्लेख करतोच. त्या दिवशी झेंडावंदनानंतर मुलं ग्रामसभेत उभी राहून आपल्या गावातल्या वास्तूंची नावं वाचू लागली, तर ते कर्तव्य गावासमोर नावानिशी येईल.

तुमच्या शाळेने असं काही केलं असेल, किंवा करताना अडचण आली असेल, तर जरूर कळवा. विशेषतः वीरगळ, बारव आणि गावच्या वेशी यांच्या नोंदी कुणी केल्या असतील तर त्यांची पद्धत इतरांनाही उपयोगी पडेल.